डॉक्टरीणबाईंच्या क्लासातले उपास

डॉक्टरीणबाई,

आमच्या जुळे सोलापुरातल्या बिल्डिंगच्या गेटावर परवा एक पाटी लागली. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी नवऱ्याच्या नोकरीमुळे इटलीत राहून आलीय, ती आता घरच्या घरी तिकडच्या स्वयंपाकाचा क्लास घेणार आहे. सूनबाई म्हणाली, "आई, चला की माझ्याबरोबर, तुमचाही वेळ जाईल." मी म्हटलं, "हा क्लास मी केलाय. तुझा नवरा जन्मायच्या आधी, इथंच सोलापुरात." ती हसली. तिला वाटलं सासू थट्टा करतेय. मीही पुढं काही बोलले नाही. तुमच्याबद्दल सांगायचं तर कुठून सुरुवात करायची हेच मला कळेना, आणि अर्धवट सांगायला जीव होईना. म्हणून सून ऑफिसला गेल्यावर हे लिहायला बसलेय. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, तेव्हा तुम्ही असतात तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. खाली तुमच्या मिस्टरांचा दवाखाना, वर घर. मी दवाखान्यात केसपेपर काढायला बसायची. मॅट्रिक झालेली, लग्न ठरायचं होतं, आणि वडील मिलमध्ये असल्यामुळे घरात सगळा वेळ भोंग्यावर चालायचा. दुपारी पेशंट संपले की मी जिन्याच्या पायरीवर बसून डबा खायची. एकदा तुम्ही वरून उतरलात, माझ्या शेजारी पायरीवर बसलात, आणि "काय आणलंस?" असं विचारत माझ्या डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडून ठेच्याला लावून तोंडात टाकलात. मी बघतच राहिले. त्या दवाखान्यात कंपाउंडरसुद्धा माझ्या तांब्यातलं पाणी प्यायचा नाही. आम्ही बौद्ध, आणि ते सोलापुरात कुणाला सांगावं लागायचं नाही, आडनाव ऐकलं की समजायचं. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते ठेच्यानं. "लई तिखट हाय," तुम्ही म्हणालात. "पर ग्वाड बी हाय. शनवारी दुपारी वर ये. मी शिकिवते, तू शिक."

तुमचं मराठी ऐकायला पेशंट मुद्दाम थांबायचे. गोरीपान बाई, तपकिरी केसांचा अंबाडा, आणि तोंड उघडलं की थेट कुंभारी गावची शेतकरीण. शिकवलं कोणी, तर सासूनं. डॉक्टरांनी इटलीत शिकताना तुमच्याशी लग्न केलं आणि तुम्हाला इथं आणून स्वतः दवाखान्यात बुडून गेले. दिवसभर घरात तुम्ही आणि म्हातारी. म्हातारीची चूल मागच्या खोलीत वेगळी, भांडी वेगळी, पाण्याचा माठ वेगळा. तुमच्या हातचं ती खात नव्हती, पण तुमच्याशी बोलायची मात्र भरपूर. त्यामुळे भाषा तुम्हाला मिळाली, पंगत मिळाली नाही. हे मला तेव्हा इतकं नीट मांडता आलं नसतं, पण दिसत होतं. संध्याकाळी तुम्ही गॅलरीत उभ्या राहायच्या आणि रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या बाईला उगाच हाक मारून थांबवायच्या. क्लास काढायची कल्पना त्यातूनच आली असणार. वकिलीणबाई आल्या, बँकेतल्या मॅनेजरांच्या मिसेस आल्या, चादरीच्या कारखानदारांची तेलुगू सून आली. आणि त्यांच्या मागोमाग, ठेवणीतलं पातळ नेसून, मी.

मी का आले, हे तुम्ही कधी विचारलं नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी लाजून काहीतरी थातूरमातूर सांगितलं असतं. खरं कारण एवढंच होतं की आमच्या अख्ख्या वस्तीत कुणाला येत नाही असं काहीतरी मला यावं असं वाटत होतं. शिवण सगळ्यांना यायचं, विणकाम यायचं, टायपिंगलाही दोघी जात होत्या. हे कुणालाच येत नव्हतं.

पहिल्या शनिवारी मी दारापाशी भिंतीला टेकून उभी राहिले. टेबलावर तुम्ही बन्सी गव्हाच्या बारीक रव्याचा ढीग केला होता, मधे खळगा, त्यात कोमट पाणी. अंडं नाही. "आमच्या गावात अंडं इकायला, खायाला न्हाय," असं तुम्ही सांगितलंत तेव्हा वकिलीणबाईंचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांनी हात घातले. मी म्हटलं, "मी नुसतं बघते." तुम्ही मान वर केलीत. आजही तो चेहरा डोळ्यांसमोर आहे, नाकाला पीठ, भुवया चढलेल्या. "हितं बघायला कोन येत न्हाय. हात धू आन घाल पिठात." दम दिल्यासारखंच बोललात. मी मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात घासले, गरज नसताना, आणि पीठ मळायला लागले. भाकरीचं पीठ मळलेला हात, त्याला काय शिकवायचं. तुम्ही बोटानं दाबून बघितलंत आणि बाकीच्यांना म्हणालात, "असं पायजे. हिचं बघा." तेव्हा मला इतका आनंद झाला होता की घरी जाताना मी रस्ताभर हसत होते.

मग त्या पिठाच्या वळ्या, वळ्यांचे बारके तुकडे, आणि प्रत्येक तुकडा अंगठ्यानं दाबून ओढायचा की त्याचा बाळाच्या कानासारखा आकार व्हायचा. "अगं, हे तर आपले नखुलेच!" मॅनेजरांच्या मिसेस ओरडल्या. रुखवतात मांडायचे गव्हले, नखुले, मालत्या सगळ्यांनी केलेले, त्यामुळे हात भराभर चालायला लागले आणि तुम्ही चकित होऊन बघत राहिलात. वादही झाले. टोमॅटोच्या रश्श्यात तुम्ही हिरवी पानं चुरडून टाकलीत तेव्हा वकिलीणबाई जवळजवळ उठल्याच. "तुळस? रश्श्यात?" मग तुम्ही त्यांना अंगणात नेऊन सब्ज्याचं रोप दाखवलंत. तेलुगू सुनेनं विचारलं, चिंच घातली तर? तुम्ही दोन्ही हात डोक्याला लावलेत. मी तर विचारलंच नाही, डब्यातली शेंगदाण्याची चटणी चमचाभर टाकून मोकळी झाले, आणि तुम्ही माझ्या हातातून डाव काढून घेतलात. "माज्या आईनं बघितलं असतं तर तुला गावाभाईर काडलं असतं." तुम्हाला बिचारीला काय माहीत, तुम्ही काय बोललात ते. मी हसले. तेलुगू सूनही हसली. वकिलीणबाई तेवढ्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

तुमच्याकडची रीत तुम्ही सांगितलीत की मोठ्या परातीत सगळं ओतायचं, परात टेबलाच्या मधोमध, आणि घरातल्या सगळ्यांनी चहूबाजूंनी त्यातच जेवायचं. सगळ्या जणी ई करून हसल्या. उष्टं ना ते! मग तुम्ही वेगवेगळ्या थाळ्या केल्या. पहिल्या दोन शनिवारी सगळ्या जेवल्या. तेलात परतलेला पावाचा चुरा वर भुरभुरून, बोटं चाटून. मॅनेजरांच्या मिसेसनी तर घरी न्यायला डबा भरून घेतला. दुसऱ्या शनिवारी निघताना जिन्यात वकिलीणबाईंनी मला विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूला राहता हो?" आधी आडनाव विचारलं असतं तर काम एका प्रश्नात झालं असतं, पण सुशिक्षित बाई होत्या, आडनाव विचारायचं कसं? मी वस्तीचं नाव सांगितलं. "अस्सं," त्या म्हणाल्या. "लांब पडत असेल नाही तुम्हाला."

तिसऱ्या शनिवारी तिघींचा उपास होता. मारुतीचा म्हणे. आजपासूनच धरलाय, तिघींनी मिळून. पीठ मळलं, कान केले, रस्सा ढवळला, सगळं शिकून घेतलं, आणि पानं मांडायच्या वेळी हात धुऊन बाजूला बसल्या. तुम्ही हळहळलात. मला विचारलंत, "तुझा न्हाय उपास?" मी म्हटलं, "नाही, आमच्यात नसतो." "बरं झालं बाई," असं म्हणून तुम्ही मला दुप्पट वाढलंत. समोर तिघी बसलेल्या आणि आपण दोघी जेवतोय. तो घास मी कसा गिळला ते माझं मला माहीत. मला उपास लगेच कळला होता. तुम्हाला कळला नाही, आणि तुम्हाला कळू नये असंच मला वाटत होतं.

त्या पुढच्या शनिवारी तर तुम्ही कमालच केलीत. सासूला विचारून विचारून तुम्ही साबुदाण्याची खिचडी केली होती, त्या तिघींसाठी. जिरं घालून, शेंगदाण्याचं कूट घालून, अगदी मोकळी. किती खूश होतात! झाकण काढून दाखवलंत. वकिलीणबाई म्हणाल्या, "इश्श, कशाला त्रास घेतलात? आम्ही घरीच फराळ करतो, बाहेरचं चालत नाही." तेलुगू सुनेनं मान खाली घातली. तुम्ही झाकण परत ठेवलंत. तरी तुमची शंका त्यांच्यावर गेली नाही, वारावर गेली. तुम्ही म्हणालात, शनवार वंगाळ हाय, बुधवारी करू या क्लास. आणि बुधवारी वकिलीणबाईंचा पांडुरंगाचा उपास निघाला, मॅनेजरांच्या मिसेसची कूस दुखायला लागली, तेलुगू सून घरूनच जेवून आली होती.

त्या बुधवारी त्या गेल्यावर मी मोरीवर भांडी विसळत होते. मागच्या सोप्यात म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तुम्ही तिच्यापुढं जाऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिलात. "आत्याबाई, ह्या बायांचं द्येव किती हायत? मी क्लास कंच्या वारी घिऊ?"

म्हातारी शेंगा फोडायची थांबली नाही. "अगं येडे, द्येवाचं काय न्हाय त्यात. तू नवी आलीस तवा मी काय केलं व्हतं? सोमवार धरला, गुरुवार धरला, एकादशी तर व्हतीच. उरल्या दिशी पोट दुखायचं. माजं पोट जन्मात कंदी दुखलं न्हाय."

तुम्ही हळू विचारलंत, "म्हंजी ह्यास्नी बी माज्या हातचं चालत न्हाय?"

"तुज्या न्हवं," म्हातारी म्हणाली आणि हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "तिच्या."

माझ्या हातात ओली थाळी तशीच राहिली. म्हातारी माझ्याकडं वळून म्हणाली, "पोरी, मी बी खात न्हाय तुज्या हातचं. ह्या वयात आता जमायचं न्हाय मला. पर द्येवाला मदी घालनं सोडलंय मी." मला ते लागलं, का नाही लागणार? तरी वकिलीणबाईंच्या मारुतीपेक्षा ते बरं वाटलं. निदान तोंडावर बोलली. तुम्ही मात्र माझ्याकडं अशा बघत होतात की जणू मीच काहीतरी लपवून ठेवलं होतं. "तुला म्हाईत व्हतं?" मी हो म्हटलं. "मग सांगितलं का न्हाईस?" मी म्हटलं, "काय सांगायचं त्यात?" आणि मग मनात होतं तेही बोलले, "मी येत नाही पुढच्या वेळेपासून. तुमचा क्लास मोडेल उगाच." कारण मला दिसत होतं ना. त्या तिघींच्या येण्यासाठी तुम्ही सकाळपासून घर झाडायच्या, टेबलावर फुलं ठेवायच्या, कपाळाला टिकली लावायच्या. आठवड्यातली तेवढीच एक दुपार तुमच्या घरात बायकांचं हसणं व्हायचं. माझ्या एका जागेपायी ते जावं, एवढी माझी किंमत मी धरत नव्हते. तुम्ही माझ्या हातातली थाळी घेऊन पुसायला लागलात.

पुढच्या बुधवारी आले ती चपला न काढता दारातूनच निरोप घ्यावा म्हणून. तर तुम्ही मला हाताला धरून आत नेलंत. सगळ्या आलेल्या. तुम्ही नेहमीसारखं शिकवलंत, माझ्याकडून कणीक मळून घेतलीत, रस्सा त्यांच्याकडून ढवळून घेतलात. मग थाळ्या काढल्याच नाहीत. परातीत सगळं ओतून ती टेबलाच्या मधोमध ठेवलीत आणि उभ्या राहून बोललात. "माज्या आईच्या घरात जी चाकत न्हाय ती ढवळत न्हाय. उपास असंल तिनं द्येवाफुडं बसावं, चुलीफुडं न्हाय."

वकिलीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हे पाहा, आम्ही इथं शिकायला येतो, जेवायला नव्हे."

"दोनी येकच हाय," तुम्ही म्हणालात. मग माझा उजवा हात मनगटाशी धरून टेबलावर सगळ्यांच्या पुढं ठेवलात. "ह्या हातानं मळलंय. ज्येला ह्यो हात चालत न्हाय त्येनं ह्या घरात यायाचं न्हाय. उपासाचं सोंग बास झालं."

इतके दिवस जे कुणी बोललं नव्हतं ते असं टेबलावर येऊन पडलं, आणि त्याच्याबरोबर माझा हातही. नखांत पीठ अडकलेलं. वकिलीणबाईंनी पर्स उचलली. मॅनेजरांच्या मिसेस माझ्याकडं बघून काहीतरी बोलणार होत्या, पण नुसत्याच त्यांच्या मागं गेल्या. जिन्यात चपलांचा आवाज झाला. तेलुगू सून उठली, दारापर्यंत गेली, परत आली, खुर्चीच्या अगदी कडेला बसली. "आमच्या आत्तम्माला, सासूबाईंना, कुणी सांगू नका हं," एवढं म्हणून तिनं परातीतला पहिला घास घेतला आणि मग चांगली पोटभर जेवली. मला रडू फुटलं. तुम्ही पदरानं माझे डोळे पुसलेत, माझं डोकं छातीशी धरलंत आणि म्हणालात, "रडू नगं गं. ग्येल्या त्या ग्येल्या. तू हाईस की."

त्याची किंमत तुम्ही मोजलीत. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. लेडीज क्लबात तुमच्याशेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. डॉक्टरांच्या बड्या पेशंटांपैकी काही जण दुसरीकडं गेले असंही कंपाउंडर म्हणायचा, खरंखोटं तोच जाणे. तेलुगू सून दोन-तीनदा आली, मग तिला दिवस गेले आणि तिचं येणं थांबलं. मी माझं लग्न होईपर्यंत येत राहिले. लग्नानंतर बाळ दाखवायला आले तेव्हा तुम्ही त्याचे कान धरून, हे मी केलेत, असं म्हणालात आणि आपण दोघी खूप हसलो. तुम्ही गेलात तेव्हा मी तुमच्या मातीला आले होते. म्हातारी तुमच्या आधीच गेली होती. तिनं शेवटपर्यंत आपली चूल वेगळीच ठेवली, पण शेवटच्या आजारात तुमच्या हातची पेज प्याली, हे डॉक्टरांनी तिथं स्मशानात मला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. त्यांना ते कुणाला तरी सांगायचं असेल.

माझ्या मुलांना तुमची गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी त्यांनी तुम्हाला मनातल्या मनात नमस्कार केला आहे. करावाच. तुमच्याइतकं माझ्यासाठी त्या वयात कुणी केलं नाही, आणि हे मी अगदी मनापासून लिहितेय. पण त्या गोष्टीतला एक भाग मी त्यांना सांगत नाही, तुम्हालाही सांगितला नाही, आणि आता तुम्हीच नाही म्हणून धीर करून लिहितेय. त्या दिवशी तुमच्या छातीशी डोकं ठेवून मी रडले ते तुम्हाला वाटलं तसं उपकारानं नव्हतं. मला तुमचा राग आला होता, डॉक्टरीणबाई. असा राग की हात झटकून खाली पळत जावं. पहिल्या शनिवारी तुम्ही म्हणाला होतात हिचं बघा, तेव्हा सगळ्यांनी माझी कणीक बघितली होती. त्या बुधवारी त्यांनी माझी जात बघितली, आणि दाखवलीत तुम्ही. माझा हात टेबलावर ठेवण्याआधी मला विचारलं नाहीत. तुमचं बरोबर होतं, त्या चुकत होत्या, सगळं मान्य. तरी तो हात माझा होता.

नंतरच्या आठवड्यात मी परत आले तेव्हा तुम्ही दारात मला मिठी मारलीत. तुम्हाला वाटलं मी तुमच्यासाठी आले, तुमच्या बाजूनं उभी राहायला. तसं नव्हतं. त्या आठवड्यात तुम्ही तुमच्याकडचे उकडलेल्या बटाट्याचे गोळे शिकवणार होतात, आणि ते मला येत नव्हते.